डाव्या हाताचा मजला

माझ्या साळूकाकीनं जन्मात एकाच बाईचा मनापासून हेवा केला, आणि ती बाई म्हणजे माझी आई. दोघी सख्ख्या जावा. चूल एक, आड एक आणि मधे हा हेवा. दोघी बहिणीसारख्या राहिल्या असं आता लोक सांगतात. लोकांना काय जातंय सांगायला. मी त्या घरात वाढले. बहिणीसारख्या मुळीच नव्हत्या. जावांसारख्या होत्या, आणि तेही काही कमी नसतं.

काकी जत तालुक्यातल्या एका कोरड्या गावची. तिकडच्या मराठीत निम्मी कानडी. बेचाळीसच्या उन्हाळ्यात नाथाजीकाका पलटणीतून रजेवर आला, लग्न करून गेला आणि तिथून थेट मिसरच्या आघाडीवर. मागं ही राहिली, अंगावरची हळद उतरायच्या आत, आमच्या कडेगावच्या घरात. घरात माझे वडील मानसिंग, म्हणजे आबा, माझी आई मनुबाई आणि आठ वर्षांची मी. काकी रागावली की तिच्या तोंडून 'इल्ला' निघायचं, म्हणजे नाही. आळीतल्या बायकांना तेवढं पुरलं. समोर जतकरीण आणि पाठीमागं इल्लाबाई. साळू हे नाव फक्त आई घ्यायची, आणि काकीला नेमकं तेच खुपायचं. जिचा राग करायचा तिनंच तेवढं नावानं हाक मारावी, हे पचायचं कसं.

आईचं सगळंच सुखाचं होतं, निदान काकीच्या डोळ्यांना. आईचं माहेर गावातच, वरच्या आळीला. रुसली तर माहेरी जाऊन रडून यायची आणि तव्यावरची भाकरी करपायच्या आत परत. ती रस्त्यानं निघाली की प्रत्येक उंबऱ्यावरून कुणीतरी विचारायचं, "मनुबाई, कुठं निघालीस गं?" काकी निघाली की उंबरे गप्प व्हायचे. काकी म्हणायची, "आक्काला गाव वळखतंय. मला गाव बघतंय." हे ती माझ्याशी बोलायची, कारण घरात तिचं ऐकून घेणारी मीच होते. आणि मी ते आईला जाऊन सांगायचे, हे तिलाही ठाऊक होतं.

बकरी ईद झाली की कडेगावला मोहरमचे वेध लागतात. आमच्याकडचे ताबूत असे उंच की माळवदावर चढून पाहिलं तरी मान मागं टाकावी लागते. काही ताबूत मुसलमानांचे, काही हिंदूंचे, आणि काम सगळ्यांचं मिळून. आमच्या आळीचा ताबूत बाबालाल अत्तार बांधायचे. बांबूचा आठ कोनी सांगाडा, मजल्यावर मजला आणि अंगभर कागदाची फुलं. ही फुलं आळीतल्या बायकांनी करायची. आळीचा दंडक असा की फुलाला कात्री लागता कामा नये. एकच चौकोनी कागद, घडीवर घडी घालून, नखानं दाबून, त्यातून आठ पाकळ्यांचं फूल उमलवायचं. कागद फाटला की गेला. आणि लढाईच्या दिवसांत कागद फाडणारीला बायका काय काय बोलायच्या ते विचारूच नका.

दुपारची कामं आवरली की आमच्या सोप्यात बैठक भरायची. तानुबाई, धोंडुबाई, आळीतल्या सगळ्या, आणि मधोमध आई. त्या बैठकीला बोलावणं नसतं. जिच्या मांडीवर कागद ती आळीची, एवढाच हिशेब. म्हणून पहिल्याच मोहरमला काकी सगळ्यांच्या आधी येऊन बसली. हात धुऊन, पदर खोचून. तिला त्या बैठकीत नुसती बसायची जागा नको होती, आपल्या हातचं काहीतरी त्या ताबुतावर जायला हवं होतं. तेवढं झालं की आपल्याला कुणी परकी म्हणणार नाही, असा तिचा हिशेब.

पण काकी डावखुरी. आई जी घडी उजवीकडं घालायची ती काकीच्या हातून डावीकडं पडायची, आणि शेवटी फूल उमललं की सगळ्या पाकळ्या उलट्या वळलेल्या. धोंडुबाईनं ते फूल दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवलं.

"हे काय गं? फूल हाय का भवरा?"

बायका हसल्या. आई म्हणाली, "घडी पक्की हाय तिची. वळंना कुठं बी."

आईनं बाजू घेतली, पण काकीला ती कीव वाटली. लोकांचं हसणं तिनं तितकं मनाला लावून घेतलं नसतं. आईचं सांभाळून घेणं तिला झोंबलं.

आता एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून झालं. कुणी उलटं काम केलं की आपण म्हणतो, आधी कळस मग पाया. सगळीकडं ही थट्टा आहे. कडेगावात ती थट्टा नाही, ती रीत आहे. आमचे ताबूत वरून खाली बांधतात. पहिल्यांदा कळसाचा मजला जमिनीवर तयार करायचा, मग लांब लांब बांबूंच्या टेकूनं तो उचलायचा, त्याच्याखाली दुसरा मजला बसवायचा, पुन्हा उचलायचं, खाली तिसरा. पाया सगळ्यात शेवटी. म्हणजे जी फुलं पहिल्यांदा घरातून जातात ती सगळ्यात वर बसतात. हे आमच्यात कुणी कुणाला शिकवत नाही. रांगतं पोरही बघून बघून शिकतं.

तानुबाई त्या दिवशी म्हणाली, "उरका बायांनो. आमच्यात आधी कळस, मग पाया. ध्येनात ठेव गं जतकरणी."

तिचं म्हणणं एवढंच, की वरच्या मजल्याची फुलं लवकर द्यायची आहेत. काकीला वाटलं, आपल्या उलट्या पाकळ्यांवरून टोमणा मारला. तिनं कागद असा दाबला की नख उमटलं.

कळसाखालच्या मजल्याची फुलं दर वर्षी माझ्या आईच्या हातची असत. माझ्या आजीनं जाताना तो मान तिला दिलेला. पुढं तो माझ्याकडं येणार हे मी धरूनच चालले होते. त्या वर्षी आईच्या मनात काय आलं कोण जाणे. आडावर तानुबाईला म्हणाली, "नाथाजी समिंदराच्या पल्याड हाय. त्याच्या बायकूच्या हातचं फूल यंदा सगळ्यात वर असू दे." मी घागर धरून शेजारी उभी. मी त्या दिवशी जेवले नाही. आईनं विचारलंही नाही का ते.

आणि ज्या बाईला मान द्यायचा तिला मात्र काही सांगितलं नाही. आईचं हे असंच. दिलेलं बोलून दाखवलं की त्याचं पुण्य जातं अशी तिची समजूत. शिवाय फुलं कुठली आधी जातात, कुठली मागून, हे काय सांगायचं असतं का? तिनं दोन दुरड्या भरल्या. काकीच्या फुलांची दुरडी दाराशी काढून ठेवली, उद्या सकाळी पहिल्यांदा जाण्यासाठी. स्वतःच्या फुलांची फळीवर, धुतल्या फडक्याखाली, सगळ्यात शेवटी जाण्यासाठी.

काकीनं बघितलं. आपली फुलं दाराशी, पायताणांशेजारी. आक्काची वर, झाकून. आपली आधी जाणार म्हणजे तळाला जाणार. तिच्या गावी घर बांधताना पाया आधी घालत, आणि जगात सगळीकडं तसंच असतं. तळाला म्हणजे धुळीत, पोरांच्या हाताशी, जनावरांच्या शेपटीशी. आणि आक्काची मागून, सावकाश, वर.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि मी जोंधळ्याची पाखरं राखायला गेलो. आबा दुरडी न्यायला घरात आले तेव्हा काकी एकटी होती. तिनं फळीवरची दुरडी उतरवून दिली आणि दाराशी होती ती फळीवर, त्याच फडक्याखाली चढवली. पुढं कितीतरी वर्षांनी तिनं मला हे स्वतः सांगितलं, आणि सांगताना जराही लाजली नाही. "खोटं कशाला सांगू चंद्रे. आक्काची फुलं धुळीत जात्याली, ह्या इचारानंच मला त्या दिशी भाकर लय ग्वाड लागली."

दोन-तीन दिवसांनी ती शेंगा वाळत घालायला माळवदावर चढली. समोरच्या पटांगणात ताबुताचा एक मजला जमिनीवर बसलेला. त्यावर आईची फुलं, सगळ्या पाकळ्या उजवीकडं वळलेल्या, आणि खाली धूळ. काकी पोटभर बघत उभी राहिली. मग बाबालालचाचांनी आरोळी दिली, माणसं बांबूंना भिडली आणि तो मजला जमीन सोडून वर निघाला. गुडघ्याइतका, कमरेइतका, डोक्याच्या वर. त्याच्याखाली दुसरा मजला सरकवला. तेव्हा तिला तानुबाईचं बोलणं कळलं. शेंगांचं सूप तिनं तिथंच ठेवलं आणि जिना उतरून चुलीपुढं जाऊन बसली.

त्यानंतर रोज आईची फुलं थोडी थोडी वर गेली, आणि काकीला ते रोज दिसलं. डोळे मिटले असते तर नसतं दिसलं, पण हेवा करणाऱ्याला डोळे मिटता येत नाहीत. कुणाला सांगायची सोय नव्हती. जिच्यावर जळायचं तिलाच आपण आपल्या हातांनी उचलून आभाळात ठेवलेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

ताबूत उभा राहिला. बायका दर्शनाला गेल्या. बायका इतके दिवस पटांगणात जात नसत, त्यामुळं आई त्या वर्षीचा ताबूत पहिल्यांदाच जवळून बघत होती. धोंडुबाई वर बघून म्हणाली, "जतकरणी, नशीब काढलंस. मनुबाईनं आपला मान तुला दिला. बघ, कळसाखाली तुझी फुलं."

काकीला मान हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकायला मिळाला. तिनं आईकडं बघितलं. आई वर बघत होती, हसत होती. एवढ्या उंचावरची पाकळी कुठं वळली आहे ते खालून कुणालाच दिसत नव्हतं.

मग तानुबाईचं लक्ष खालच्या मजल्यावर गेलं. तिथं सगळं डोळ्यांसमोर होतं. "अगं बया, ही तुझी का मनुबाई? सगळी उलटी. यंदा हात बिघडला का काय तुझा?"

आईनं खाली बघितलं. एक क्षण बघितलं आणि तिला सगळं कळलं. दुरडी, दार, फळी, सगळं. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "व्हय. बिघडला असंल."

इथं काकीला गप्प राहता आलं असतं. सगळी आळी मानत होती की कळसाखालची फुलं तिची. आई तोंड उघडणार नव्हती. जे तिला हवं होतं ते आयतं पदरात पडलं होतं. पण काकी पुढं झाली आणि म्हणाली, "ती उलटी फुलं माझी हायत."

"आणि वरली?"

"वरली आक्काची. मी दुरडी बदलली."

लोक म्हणतात, साळूबाई खरी बाई, खोटा मान घेतला नाही. मी नाही मानत. मी तिच्या शेजारी उभी होते आणि तिचा चेहरा बघितला होता. आपल्या हातची फुलं, उलटी असोत, हसण्यावारी असोत, ती आईच्या नावावर जावीत हेच तिला सहन झालं नाही. आणि मला विचाराल तर खरेपणापेक्षा तो हेवाच जास्त प्रामाणिक होता.

बाबालालचाचा शिडीवर बसून खळ लावत होते. ते खाली न बघता म्हणाले, "असू द्या की. एवढ्या देखण्या ताबुताला गालबोट नगं व्हय? खाली उलटी फुलं असली म्हंजे नजर लागायची न्हाई."

बायका पुन्हा हसल्या. गालबोट.

घरी आल्यावर आई पीठ मळायला बसली. म्हणाली, "मी दिल्यालं तू माघारी केलंस साळू. आता पुन्यांदा मागू नगंस."

"मागत न्हाई. पर आदी सांगायचं हुतं आक्का."

"गावात कुनी सांगत न्हाई. समद्यांस्नी ठावं असतंय."

"मी कुठं गावातली हाय?"

आईनं परातीत थोडं पाणी जास्त ओतलं, आणि त्या दिवशीच्या भाकऱ्या थापतानाच तुटल्या.

पुढच्या वर्षी बाबालालचाचांनी निरोप धाडला, खालचा मजला डाव्या हाताचा पाहिजे. चाचा बोलले होते ते थट्टेत नव्हतं, त्यांना ते खरंच पटलं होतं. आळीलाही पटलं, कारण त्या वर्षी आमच्या ताबुताला कसलीच इजा झाली नव्हती आणि लोकांना कशाचं तरी कारण लागतंच. पण काकीला तो शब्द काट्यासारखा बोचत राहिला. गालबोट म्हणून का होईना जागा मिळाली होती, आणि तिला गालबोट व्हायचं नव्हतं. ती इरेला पेटली. त्या साली रंगीत कागद कऱ्हाडला नाही, सांगलीला नाही. वर्तमानपत्रं हळदीत, कुंकवात, पळसाच्या वाळल्या फुलांच्या पाण्यात रंगवून घेतली. तो कागद घडीवर तडकायचा. आईनंही पुष्कळ फाडला. काकीनं एकही फाडला नाही. ती कागद ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि दमट असतानाच घडी घालायची. हे आम्हाला तिनं सांगितलं नाही. तिनं का सांगावं? गावात कुणी कुणाला सांगत नाही ना.

वर्षं गेली. आठ पाकळ्यांच्या सोळा झाल्या. पाकळीला पोटपाकळी आली. डाव्या वळणाची ती फुलं आठ कोनांवरून अशी फिरायची की ताबूत उभा असूनही हलतोय असं वाटायचं. शेचाळीस साली नाथाजीकाका पलटणीतून सुटून आला तेव्हा त्याच्याबरोबरचे दोघे जोडीदार विट्याहून खास हा मजला बघायला आले होते. लोक यायचे ते खाली वाकायचे, बोट लावून बघायचे, "कुनी केलं हे?" विचारायचे. आणि आळी सांगायची, "आमच्या साळूबाईनं."

वरचा मजला आईचा आणि माझा. मान केवढा मोठा. पण मान मागं टाकून वर बघतो कोण? आणि बघितलं तरी एवढ्या उंचावर फूल काय आणि कागदाचा बोळा काय. मी तेव्हा चांगली घडी घालायचे हो, पण ते मला आणि देवालाच ठाऊक. काकीच्या फुलांपुढं माणसं उभी राहिली की मी दुसरीकडं बघायचे. आई दर्शनाला गेली की आधी खालचा मजला बघायची, मग घरी येऊन म्हणायची, "यंदा जरा भडक वाटतंय." दर वर्षी भडकच वाटायचं.

अठ्ठेचाळीस साली दिवाळीच्या आसपासच मोहरम आला. आईची मान तेव्हा धरायला लागली होती. बैठक भरली होती. आई उठली, काकीच्या शेजारी जाऊन बसली. आजवर काकी तिच्याजवळ सरकायची, त्या दिवशी आई सरकली. हळूच म्हणाली, "साळू, वरलं आता माझं मलाच दिसत न्हाई. यंदा खाली फुलांची एक वळ मला करू दे."

काकीच्या मांडीवर अर्धं फूल होतं. ती घडी दाबत राहिली.

"खाली जागा न्हाई आक्का."

"वळ नगं. चार फुलं."

"चार बी न्हाईत. तुमचा मान वर हाय, वरच ऱ्हाऊ द्या. खालचा मजला माझा हाय."

तानुबाईनं कागद खाली ठेवला. आई उठली आणि आत आली. मी तिच्या मागून. तिनं एक तांब्या उचलून उगाच दुसरीकडं आपटला, मग तिसरीकडं. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी म्हणाले, "आई, जतकरणीनं तुला न्हाई म्हनावं?"

आई चुलीपुढं बसली. रडत होती की हसत होती ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

"जतकरीण कुठली गं," ती म्हणाली. "जतकरणीनं भिऊन जागा दिली असती."